कुकरच्या खोक्यावरची गोष्ट

जगातला सगळ्यात वाईट दुकानदार कोण, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता आमच्या साडूंकडे बोट दाखवीन. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. उदगीरच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं, अगदी मोक्याच्या जागी. ते आजवर बुडालं नाही यात साडूंचा काडीचाही वाटा नाही. सगळं श्रेय आमच्या मेहुणीचं, म्हणजे अक्कांचं. साडू सकाळी आंघोळ करून, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे ओढून गादीवर येऊन बसतात ते चौकशी करायला. गिऱ्हाइकानं कुकर मागितला की दुसरा दुकानदार विचारतो, "किती लिटरचा?" आमचे साडू विचारतात, "कुणासाठी?" लेकीसाठी म्हटलं की, "कुठं दिली?" निलंग्याला म्हटलं की, "सासू कशी हाय?" इथून पुढं गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, चहा येतो, सासूच्या सात पिढ्यांचा हिशोब निघतो, आणि ती बाई डोळे पुसून, मन हलकं करून, कुकर न घेताच घरी जाते. "तुमच्या साडूला दुकानात बसवलं की गिऱ्हाईक बसतंय बगा," अक्का मला म्हणतात. "पन उठतच न्हाई. आन् उठलं की इसरून जातंय, कशाला आलतो म्हनून."

एकदा तर माझ्या देखत त्यांनी एका नव्या जोडप्याला भलंमोठं पातेलं विकायला साफ नकार दिला. चौकशीत निघालं होतं की दोघं घरच्यांपासून वेगळे राहतात आणि जाणं-येणं बंद आहे. "मंग एवढ्या पातेल्यात भात शिजवून घालनार कुणाला?" साडू म्हणाले. "आधी आईशी बोला. मंग पातेलं न्या." ते जोडपं तणतणत समोरच्या दुकानात गेलं आणि तिथून त्याच मापाचं पातेलं घेऊन, मुद्दाम आमच्यासमोरून गेलं. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. "बोलतील," ते म्हणाले, "पातेलं रिकामं दिसलं की बोलतील."

त्यांच्याबरोबर प्रवास करणं हा तर स्वतंत्र पराक्रम आहे. मी नांदेडला बँकेत असतो. एकदा आम्ही दोघं नांदेडहून मुखेडला एका लग्नाला एसटीनं निघालो. साडूंच्या शेजारी बँडात क्लॅरिओनेट वाजवणारे एक गृहस्थ बसले होते. गाडी नांदेडच्या बाहेर पडायच्या आत साडूंना त्यांच्या वडिलांचं नाव कळलं होतं आणि अर्ध्या रस्त्यात त्यांनी वाद्य शिकण्यासाठी घरातून पळ कसा काढला ते. मुखेड आलं, मी हाका मारल्या, साडू हात हलवून म्हणाले, "थांबा हो पाव्हणं, आता कुटं वस्तादानं दारात उभं केलंय त्यांना!" गाडी पुढं निघून गेली. लग्नाच्या मुहूर्तावर आम्ही कुठल्याशा वाडीत त्या गृहस्थांच्या अंगणात ज्वारीची भाकरी आणि ठेचा खात होतो. लग्नघरी पोचलो तेव्हा मांडवातल्या सतरंज्या गुंडाळत होते. वधूपिता तापलेला. साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, क्लॅरिओनेटवाल्याची गोष्ट सुरू केली, आणि पाहता पाहता तो बिचारा गुंडाळलेल्या सतरंजीवर बसून "मग? मग?" करायला लागला. गोष्टीत मूळच्या एका वस्तादाचे दोन झाले होते आणि पळून जाताना पूर आलेली नदीही आली होती. मी नंतर टोकलं तेव्हा साडू म्हणाले, "भाकरी फुगल्याबिगर शिजत न्हाई, पाव्हणं. पीठ तर खरंच असतंय की."

हा माणूस एके काळी लिहीत होता, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, त्यांच्या एका वर्गमित्राकडून कळलं. कॉलेजच्या वार्षिकात त्यांच्या गोष्टी छापून आल्या होत्या, कुठलंसं बक्षीसही मिळालं होतं. मग वडील अंथरुणाला खिळले, दुकानाच्या किल्ल्या यांच्या हातात आल्या आणि लेखणी गेली. भांडण नाही, तंटा नाही, कुणी नको म्हटलं असंही नाही. मी विचारलं तेव्हा साडूंनी हातातला तांब्या पुसून फळीवर ठेवला. मग म्हणाले, "सोडलं न्हाई हो. एखाद्या दोस्ताचं घर लांब पडतंय. आज जाऊ, उद्या जाऊ म्हनता म्हनता लई दिवस जातात. मंग तोंड दाखवायची लाज वाटती. तसं झालं." लिहिण्यापैकी त्यांच्याकडे उरलं होतं ते एवढंच: भांड्यांवर नावं टाकायचं विजेचं मशीन. टर्र टर्र करत ते नावं कोरायचे, आणि अक्षर असं की लोक म्हणायचे, तांब्या साधा घ्यावा पण नाव उदगीरला टाकून घ्यावं.

हे असंच चालत राहिलं असतं. पण एके दिवशी मुखेडकडचे किशनराव नावाचे शेतकरी दुकानात आले. लेकीला भेटायला उदगीरला आले होते. आई वारली होती, तिच्या वर्षश्राद्धाला गावच्या पंगतीसाठी पितळेची मोठी परात द्यायची आणि तिच्यावर आईचं नाव टाकायचं, इतकं साधं काम. साडूंनी नाव विचारलं आणि सवयीनं पुढं म्हणाले, "आई कशी होती?" किशनराव फारच कमी बोलणारे. "चांगली व्हती," म्हणून थांबले. साडूंनी मशीन बाजूला ठेवलं. चहा मागवला. किशनरावांनी बशीत ओतून तो संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आमी तिला कदी जेवताना बघितलंच न्हाई. सगळ्यांचं झालं की चुलीपाशी काय उरलंय ते खायची. पंगतीत बसलेली तर कदीच न्हाई." आणि मग तो दांडगा माणूस भांड्यांच्या ढिगाकडे तोंड करून रडायला लागला.

साडूंनी परात कोरली, कागदात बांधून दिली. घरी जाऊन किशनरावांनी ती उघडली आणि रागानं फोन केला. नावाखाली, परातीच्या काठावर गोल, साडूंनी आणखी दोन ओळी कोरल्या होत्या: "ह्यातलं वाढताना वाढणारीलाही बसवा. आमची आई जन्मभर शेवटी जेवली."

"म्या नाव टाका म्हनलं व्हतं! ह्ये काय लिवलंव? गावात काय म्हनतील?" किशनराव ओरडत होते. साडूंच्या तोंडचं पाणी पळालं. परात बदलून देतो म्हणाले, पण श्राद्ध दुसऱ्या दिवशी होतं. अक्कांनी कपाळावर हात मारला. "अय्य यव्वा! लोक भांड्यावर नाव टाकायला सांगतात आन् तुमी त्येंच्या घरचं सांगून मोकळं व्हता!"

दुसऱ्या दिवशी काय झालं ते किशनरावांनीच संध्याकाळी पुन्हा फोन करून सांगितलं. पंगतीला परात बाहेर निघाली. गावच्या सरपंच एक बाई आहेत, त्यांच्या हातात ती आली. काठावरची अक्षरं वाचत त्यांनी परात हातातल्या हातात गोल फिरवली, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं, परात किशनरावांच्या हातात दिली आणि पहिल्या पंगतीत मांडी घालून बसल्या. "मी बसले," म्हणाल्या. "वाढा आता." त्यांच्या शेजारी त्यांची सासू बसली. मग एकेक करून चुलीपाशी राबणाऱ्या साऱ्या बाया पदरानं हात पुसत येऊन बसल्या, आणि गावातल्या कर्त्या पुरुषांवर जन्मात पहिल्यांदा वाढायची वेळ आली. वरणात बुंदी पडली. भाताचे डोंगर झाले. एकानं तर मिठाच्या जागी दोनदा साखर वाढली. बाया इतक्या हसल्या की जेवण लांबलं. "माझी आई बसल्यावानी वाटलं हो," किशनराव फोनवर म्हणाले.

त्या दिवशी दुपारी, म्हणजे अजून हा फोन यायचा होता तेव्हा, साडूंनी कितीतरी वर्षांनी लेखणी हातात धरली होती. किशनरावांच्या आईबद्दल परातीवर मावलं नाही ते सगळं त्यांना लिहून काढायचं होतं. "लेखनी तर धरली, पाव्हणं," ते मला सांगत होते. "म्हनलं, दोस्त दार उघडतोय का न्हाई. तर हो, दार उघडंच व्हतं!"

परातीचा फोटो कुणीतरी मोबाईलवर टाकला, तो गावोगाव फिरला, आणि देगलूरपासून हदगावपर्यंतचे लोक "आमच्याबी बापाचं दोन ओळीत लिवा" म्हणत दुकानात यायला लागले. साडू सगळ्यांना बसवून ऐकायचे. पण ऐकलेलं त्यांना भांड्यावर पुरेना. "तांब्यावर मानूस मावत न्हाई," असं म्हणत ते हाताला लागेल त्यावर लिहायला लागले, आणि भांड्यांच्या दुकानात हाताला लागतात ती खोकी. कुकरची, मिक्सरची, डबे-डिनर सेटची. आतला कोरा पुठ्ठा त्यांना फार आवडायचा. त्यातून जे व्हायचं ते झालंच. अक्कांनी एका गिऱ्हाइकाला कुकर विकला आणि तो खोक्यात घालून दिला, त्या खोक्यात साडूंच्या गोष्टीचा अर्धा भाग होता.

ती गोष्ट उदगीरमधल्याच एका गिरणीवाल्या बाईची. नवरा गेल्यावर तिनं स्वतः गिरणी चालवायला घेतली, तर दीर कुलूप घेऊन दारात आले. खोक्यावर गोष्ट इथवर आली होती. साडूंना खोकं गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी अक्षरशः पायात चपला न घालता बस स्टँड गाठलं. गिऱ्हाईक शिरूर अनंतपाळचं होतं. तिथं विचारत विचारत ते त्या घरापाशी पोचले तर ओट्यावर माणसं जमलेली, मध्ये ते फाडून सरळ केलेलं खोकं, आणि एक म्हातारी आजी त्याच्याकडे बोट दाखवून कुणाला तरी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावत होती. साडूंनी भीत भीत सांगितलं, ते माझं आहे. सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं केला. आजीनं तो मध्येच अडवला.

"पानी मागून देऊ. आधी सांगा, कुलूप लागलं का न्हाई?"

"न्हाई लागलं," साडू म्हणाले.

"कसं न्हाई लागलं?"

आणि आमच्या साडूंनी त्या ओट्यावर, अनवाणी, घसा कोरडा असताना उरलेली गोष्ट सांगितली. गिरणीवालीनं पट्टा चालू केला, ही बातमी गल्लीत गेली, आणि घराघरातून बाया दळणाचे डबे घेऊन आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. कुणाची ज्वारी, कुणाचे गहू, एकीनं तर घरात काही नव्हतं म्हणून रिकामाच डबा आणला. दीर कुलूप हातात धरून उभे. चालत्या गिरणीला कुलूप लावायचं कसं आणि एवढ्या बायांना ओलांडायचं कसं! रांग संध्याकाळपर्यंत मोडली नाही. शेवटी थोरल्या दिरानं कुलूप खिशात टाकलं आणि म्हणाला, "वैनी, आमचं दळन उद्या पाठवतो."

आजीनं टाळी वाजवली. मग तांब्या स्वतःच्या हातानं साडूंना दिला. साडू सांगतात, आयुष्यात इतकं गोड पाणी त्यांनी प्यायलं नाही. परतताना त्या लोकांनी त्यांना चपला दिल्या, पण खोकं दिलं नाही.

आता साडूंना आवरणं कुणालाच शक्य नव्हतं. दुपारी बाजार निवला की ते लिहायचे, संध्याकाळी दुकानात येणाऱ्याला वाचून दाखवायचे. मी एकदा उदगीरला गेलो होतो तेव्हा अक्का लाटणं हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. "सगळ्या गावाचं लिवलंव. गिरणीवालीचं झालं, ब्यांडवाल्याचं झालं. माझं कदी?"

साडू हसले. इथं त्यांनी हसायला नको होतं. "तुजं काय लिवायचं? तू तर घरातच हाईस की."

अक्का काही बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणजे पुढं कितीतरी दिवस बोलल्याच नाहीत. जेवण वेळेवर वाढलं जायचं, पण ताट जरा जोरात ठेवलं जायचं. आणि भांड्यांच्या व्यापाऱ्याचं घर, त्यामुळे आवाजाला तोटा नव्हता. साडूंच्या लिहिण्याचा पार बोऱ्या वाजला. ओळ सुचेना. शेवटी मला नांदेडला फोन आला, "पाव्हणं, येऊन जावा. लई बेजार हाय." मी आणि बायको गेलो. बायकोनं सारं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दाजी, दुकानात कुणीबी आलं की बसवून इचारता. अक्काला कदी बसवलंय का?"

दुसऱ्या दिवशी साडूंनी दुकानातलं गिऱ्हाइकाचं स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं, अक्कांपुढं ठेवलं आणि गिऱ्हाइकाला करतात तसा हात जोडून नमस्कार केला, "शरणार्थ. बसा. गाव कुठलं तुमचं?"

"एवढा संसार झाला आन् आता गाव इचारता?" अक्का कडाडल्या, पण आठवड्यानंतरचं ते पहिलं वाक्य होतं. मग त्यांना हसू फुटलं. मेथी निवडता निवडता त्या बोलत राहिल्या. लहानपणी म्हशीच्या पाठीवर बसून त्या गावतळं कशा ओलांडायच्या, शाळेत धावण्यात त्यांना कुणी गाठू शकायचं नाही, ते साडूंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी सगळं लिहून काढलं. मला वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच लागला होता.

त्याच सुमारास शिरूर अनंतपाळच्या त्या घरातल्या एका नातेवाइकामुळे लातूरच्या एका वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात साडूंना बोलावणं आलं. प्रमुख पाहुणे यायच्या आधी दहा मिनिटं काहीतरी वाचा, एवढंच. मीच सगळ्यांना गाडीतून घेऊन गेलो. साडूंनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि वाटेत ते तीनदा म्हणाले, परत फिरू या. सभागृहात पाहतो तर मागच्या रांगांत किशनराव टेम्पोभर माणसं घेऊन आलेले, सरपंचबाई आलेल्या, गिरणीवाली आलेली, आणि पुढं खुर्चीवर ती शिरूरची आजी. पाहुण्यांची गाडी वाटेत पंक्चर झाली होती. दहा मिनिटांची वीस झाली, विसाचा तास झाला, कुणी उठेना. पाहुणे आले ते मागच्या दारानं, आणि संयोजक पुढं न्यायला लागल्यावर "थांबा, त्यांचं चालू द्या" म्हणत तिथंच बसून राहिले. सगळ्यात मोठ्यानं तेच हसत होते.

शेवटी साडूंनी अक्कांची गोष्ट काढली. "आणि ती चिमुरडी म्हशीच्या पाठीवर..." एवढं वाचलं आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "म्हैस न्हवती. रेडी व्हती."

सभागृह खदखदलं. साडू चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बरं, रेडी. आणि तळ्यात पाणी गळ्यापर्यंत..."

"कमरेपोत्तर!"

मग लोकच ओरडायला लागले, ताईंना वर बोलवा. अक्का नको नको म्हणत, बहिणीनं ढकलल्यामुळे, वर गेल्या. माईकपुढं उभं राहून त्यांनी पदर नीट केला. रेडीचं आणि तळ्याचं त्यांनी साडूंपेक्षा कितीतरी झकास सांगितलं. मग म्हणाल्या, "ह्यांचं स्थळ आलं तवा वडील म्हनले, पोराचं भांड्याचं दुकान हाय, चांगलं हाय. भांडेवाला तर आमच्या गावातबी व्हता. पन मामानं ह्यांच्या कालेजचं पुस्तक आनून दिलं, त्यात ह्यांची गोष्ट व्हती. ती वाचली आन् म्या हो म्हनले. गोष्टी लिवनाऱ्याला हो म्हनले व्हते म्या." अक्कांनी साडूंकडे पाहिलं. "मंग दुकान आलं, म्हातारी मानसं, लेकरं. म्या काय म्हननार? आता लिवून राहिलेत. लिवू द्या."

त्या खाली उतरल्या. साडूंनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, घातला, पुन्हा काढला. आधी आजी उठून उभी राहिली, मग किशनरावांच्या रांगा, मग सगळं सभागृह. टाळ्यांमध्ये साडू फक्त अक्कांकडे बघत होते.

परतीच्या वाटेवर नळेगावच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. ऊन उतरलं होतं. साडू एकदम म्हणाले, "आमच्या दुकानाच्या पायरीवर तो कल्हईवाला बसायचा. मी लहान असताना. भाता हालवत हालवत असल्या गोष्टी सांगायचा की शाळेची घंटा व्हायची तरी मी उठायचो न्हाई. त्येचं नाव काय व्हतं गं?"

"सगळे कल्हईवालाच म्हनत असतील," अक्का म्हणाल्या.

"हाव. मीबी तसंच म्हनायचो." चहा तसाच निवत राहिला. "किती जनाची नावं टाकली मी भांड्यावर. आन् त्येचं ठाव न्हाई."

त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला ते विचारतात. कुणाला त्याची भट्टी आठवते, कुणाला लाल रुमाल, कुणाला त्याचं दखनी बोलणं. नाव कुणालाच आठवत नाही. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा बाजार निवलेला होता, अक्का गल्ल्यावर होत्या आणि साडू मान खाली घालून लिहीत होते. अक्कांनी आणून दिलेला चांगला कागद होता. मी वाकून पाहिलं. पहिल्या ओळीत नावापुरती जागा कोरी सोडलेली, आणि खाली मजकूर भरभरून चाललेला.

"नाव सापडलं?" मी विचारलं.

"न्हाई," साडू मान वर न करता म्हणाले. "पन म्हनून मानसाला किती दिवस दारात उभं ठेवायचं?"